आधी डोकं धुवायला शिका

टेल कोंब खाली ठेवा सगळ्यांनी. पिना डब्यात टाका. आज प्रॅक्टिकल होणार नाही.

काल ज्या कार्यालयात तुम्ही दोघी नवरीच्या केसांसाठी गेला होतात, तिथले फोटो माझ्याकडे आलेत. मुंडावळ्या बांधल्यावर जवळून काढलेला एक फोटो आहे, तो मोठा करून बघा. भांगाच्या दोन्ही बाजूंना राखाडी पट्टा. कपाळावरच्या बारीक केसांत पिठाच्या गुठळ्या. कानामागे पिवळट लगदा, आणि त्याला चिकटलेली अक्षता. लग्नाचा फोटो माणसं घरात वर्षानुवर्षं लावून ठेवतात. त्या फोटोत ही मुलगी केस पिकल्यासारखी दिसते आहे, आणि ते तुमच्या हातांनी झालंय.

काय घडलं ते मला कुणी सांगायला नको. आदल्या संध्याकाळी हळद लागली, हळद तेलात कालवलेली, आणि मावश्या-आत्यांनी मायेनं ती डोक्यालाही चोपडली. सकाळी तुम्ही पोचलात तेव्हा केस मुळापासून तेलानं माखलेले. डोकं धुवायला सांगायच्या ऐवजी तुम्ही ड्राय शॅम्पूचा डबा काढलात आणि अर्धा संपवलात. तरी तेल दिसतच होतं, म्हणून वर बाळाची पावडर थापलीत. त्यावर बॅककोंबिंग, त्यावर स्टफिंग, खोपा, दोन पदरी गजरा. आरशात सगळं झाकलेलं दिसलं आणि तुम्ही सामान आवरायला लागलात. पंगत बसेपर्यंत घामानं खालचं सगळं वर आणलं.

चूक हातून होते, त्याबद्दल मी शिकणाऱ्या मुलीवर रागावत नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. नवरीनं तुम्हाला विचारलं, "ताई, केस धुऊन येऊ का?" आणि तुम्ही तिला सांगितलंत, "नको, स्प्रेनं स्वच्छ होतात." हे तिच्या आईनं मला फोनवर सांगितलं. हे वाक्य खोटं आहे. तुम्हाला ते खोटं आहे हे माहीत असायला हवं होतं, कारण थिअरीच्या तासाला मी ते फळ्यावर लिहिलं होतं.

पुन्हा सांगते, आणि यावेळी वहीत उतरवून घ्या.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. ती जे तेल सोडते त्याला सीबम म्हणतात. ते केसावरून हळूहळू खाली उतरतं. सरळ, पातळ केसावरून भराभर उतरतं, कुरळ्यावरून सावकाश, म्हणून एकीचे केस दुसऱ्या दिवशी चिपचिपीत होतात आणि दुसरीचे चार दिवस बरे राहतात. स्काल्पवर तेवढंच नसतं. घाम असतो, धूळ असते, कातडीचे मेलेले पापुद्रे असतात, आणि मालासेझिया नावाची एक बुरशी असते, जी या तेलावरच जगते. तेल फोडून ती जी आम्लं सोडते, त्यांनी ज्यांची कातडी चिडते त्यांना कोंडा होतो.

आता ड्राय शॅम्पू. डब्यात काय असतं? मुख्यतः स्टार्च, तांदळाचा, मक्याचा किंवा टॅपिओकाचा. काहींत सिलिका, काहींत माती. स्प्रे असेल तर अल्कोहोल आणि दाबाखाली भरलेला ब्युटेन, प्रोपेनसारखा गॅस. स्टार्चचे कण तेल ओढून धरतात, त्यामुळे केसाची चमक मरते, केस सुटे होतात, मुळाशी थोडे फुगतात. एवढंच त्याचं काम. घाम, पापुद्रे, धूळ, बुरशी जिथल्या तिथे राहतात. आणि ओढलेलं तेलसुद्धा तुम्ही ब्रश मारून बाहेर काढेपर्यंत डोक्यावरच असतं. स्वयंपाकघरात तेल सांडलं की आपण त्यावर पीठ भुरभुरतो आणि मग ते पीठ भरून फेकून देतो. तुम्ही पीठ भुरभुरलंत आणि त्यावर खोपा घातलात.

तेलाचंही एक प्रमाण असतं. दोन दिवसांच्या सीबमला पावडर पुरी पडते. वाटीभर तेल-हळदीला कुठलीच पावडर पुरी पडत नाही. अठराव्या शतकात युरोपातली श्रीमंत माणसं केसांना आणि टोपांना पांढरी पावडर लावत. ती टिकावी म्हणून आधी चरबीचं मलम फासत, कारण चिकट थरावर पावडर पक्की बसते. त्यांना पांढरं दिसायचं होतं. ती पावडर गव्हाच्या स्टार्चचीही असायची. १७९५ मध्ये इंग्लंडात गव्हाची टंचाई असताना पंतप्रधान पिटनं या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसवला, आणि मग ती चाल ओसरत गेली. तेलावर पावडर थापली की डोकं पांढरं होतं, हे तेव्हापासून लोकांना ठाऊक आहे. काल तुम्ही काळ्याभोर केसांवर नेमकं तेच केलंत.

बाळाची पावडर तुम्ही कुठल्या हिशेबानं वापरलीत? डब्यावरचे घटक वाचलेत का? अशा पावडरी दोन प्रकारच्या मिळतात. एक स्टार्चची, दुसरी टाल्कची. टाल्क म्हणजे दळलेला दगड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जुलै २०२४ मध्ये टाल्कला माणसात बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलं आहे. जॉन्सन अँड जॉन्सननं टाल्कची बेबी पावडर २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात विकणं थांबवलं, आणि २०२३ पासून जगभर. एका दिवसाच्या वापरानं नवरीला काही होणार नाही. मला काळजी तुमची आहे. तुम्ही उद्या रोज आठ-आठ तास या धुरळ्यात उभ्या राहणार आहात. बंद खोलीत, एसी लावून, तोंडाला काही न बांधता. वर्गात दोघींना दमा आहे हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, तरी परवा खिडकी उघडायचं कुणाला सुचलं नाही.

स्प्रेचंही तसंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये युनिलिव्हरनं अमेरिकेत आपल्या कितीतरी ड्राय शॅम्पूंचे डबे परत मागवले, डव्ह आणि ट्रेसेमेसकट, कारण त्यांत बेन्झीन सापडलं होतं. ते डबा फवारणाऱ्या गॅसबरोबर आलं होतं. सापडलेल्या प्रमाणात अपाय होईल असं वाटत नाही, असं कंपनीनं सांगितलं. पण बेन्झीननं रक्ताचा कर्करोग होतो यात शंका नाही. म्हणून सांगते, स्प्रे मारताना खिडकी उघडी, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर आणि नाकावर हाताचा आडोसा, आणि आपला श्वास रोखलेला. यात वाद नको.

आता जी गोष्ट ऐकून काल रात्री मला झोप लागली नाही, ती. नवरीच्या खोलीत कोपऱ्यात समई तेवत होती आणि तुम्ही तिथे अर्धा डबा फवारलात. ब्युटेन आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असतात. ते वर उडून जात नाहीत, जमिनीलगत पसरतात, आणि समई जमिनीवरच असते. पेट घेतला असता तर नवरी नऊवारीत खुर्चीवर बसलेली, केसांत अल्कोहोल, भोवती चार करवल्या. डब्यावर ज्योतीचं चित्र छापलेलं असतं, ते कुणासाठी? लग्नघरात समई, निरांजन, उदबत्ती, होम असणारच. तिथे स्प्रे काढण्याआधी खोलीत कुठे काय पेटलंय ते बघणं हे तुमचं पहिलं काम. समई विझवायची नसते असं आजी म्हणतील, त्यांचं बरोबर आहे. मग तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. आणि तो डबा उन्हात उभ्या गाडीत टाकून ठेवू नका. पन्नास अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये असं त्यावर लिहिलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस असतात, बंद गाडीत किती होत असतील याचा विचार करा.

तुमची कारणं माझ्या कानावर आलीत. "वेळ नव्हता." तेलाचं डोकं दोनदा शॅम्पू लावून धुवायला वीस मिनिटं, वाळवायला अर्धा तास. खोप्याला तुम्ही सव्वा तास लावलात, त्यातला बराचसा वेळ ते पांढरं झाकण्यातच गेला. "पाणी नव्हतं." कार्यालयात गिझर चालू होता, वऱ्हाडी आंघोळी करत होते. पाणी नसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. तिथे राहून परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीनं पिण्याचं पाणी वाचवलं आणि केसांना आरारूट लावून दिवस काढला, तर मी तिची पाठ थोपटेन. ऑपरेशन होऊन पडलेली बाई, मानेला पट्टा बांधलेला पेशंट, तापातून उठलेलं माणूस, यांच्यासाठी कोरडी पावडर हा मोठा आधार आहे. त्यांचा आधार तुम्ही आळसासाठी वापरलात.

तिसरं कारण मात्र मी ऐकून घेते. "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं की नुकते धुतलेले केस पिन धरत नाहीत." हो, मी सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. धुतलेला केस घसरतो, आंबाडा सैल पडतो, थोड्याशा स्टार्चनं केसाला पकड येते. पण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुठे गेला? हळद उतरली की त्याच रात्री केस धुवायचे, आणि हे ट्रायलच्या दिवशी नवरीच्या हातात लिहून द्यायचं. म्हणजे सकाळी केस स्वच्छ असतात, रात्रभरात थोडे स्थिरावलेले असतात आणि पावडर चिमूटभर पुरते. तुम्ही ट्रायलला तिच्या खोप्याचे फोटो काढलेत, केस कधी धुवायचे ते बोललाच नाहीत.

आता रीत. पावडर फक्त कोरड्या केसांवर. ओल्या किंवा घामट केसांवर स्टार्च घातला आणि वरून गरम क्रिंपर फिरवला की त्याची खळ होते, कपड्याला घालतात तीच, आणि मग केस विंचरताना तुटतात. टेल कोंबनं बोटभर रुंदीचे सेक्शन घ्यायचे. डबा वीतभर लांब. मुळांशी झटकन एक फवारा, पुढचा सेक्शन. भुकटी असेल तर मोठ्या मऊ ब्रशनं, तीही झटकून. मग दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. स्टार्चला तेल ओढायला वेळ लागतो, तुम्ही तो कधीच देत नाही. त्यानंतर डोकं पुढे वाकवून बोटांनी हलवायचं आणि ब्रश मारायचा, पांढरं दिसेनासं होईपर्यंत. काळ्या केसांसाठी रंगीत पावडर मिळते. नसेल तर कॉर्नफ्लोअरमध्ये बिनसाखरेचा कोको मिसळा, चालतो. घरचं तांदळाचं पीठ, कणीक, बेसन चालत नाही. त्यांचे कण जाड असतात आणि कणकेतलं ग्लुटेन घामानं चिकटतं.

एका धुण्यापासून दुसऱ्या धुण्यापर्यंत पावडर एकदा, फार तर दोनदा. कोंडा, खाज, फोड, जखम दिसली तर अजिबात नाही. तिथे तुम्ही गिऱ्हाइकाला शांतपणे बाजूला घेऊन सांगायचं आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. त्या दिवसाचे पैसे बुडाले तरी चालेल.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दोघी त्या मुलीला फोन कराल. माझ्यासमोर. आधी माफी, नंतर काम. तिला सांगा, पिना ओढून काढू नकोस, आधी सगळ्या मोजून काढ, मग केस कोरडे असतानाच ब्रश मारून निघेल तेवढी पावडर काढ. नंतर कोमट पाणी भरपूर ओत. पहिल्या शॅम्पूला फेस येणार नाही, घाबरू नकोस, तो तेलातच संपतो. दुसऱ्याला येईल. नखं लावू नकोस, बोटांच्या पेरांनी चोळ, कानामागे आणि मानेवर विशेष. केसांच्या टोकांना कंडिशनर लाव, मुळांना नको. एवढं नीट सांगता येत नसेल तर कागदावर लिहून समोर ठेवा. ती रागावली तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

आणि उद्यापासून स्टायलिंग बंद. प्रत्येकीनं जोडीदारणीचं डोकं धुवायचं. आदल्या रात्री खोबरेल लावून या, अर्धी वाटी, कंजूषपणा नको. मी मागे उभी राहीन आणि धुऊन झाल्यावर मुळाशी टिश्यू दाबून बघीन. टिश्यूवर तेलाचा डाग दिसला की पुन्हा धुवायचं. सगळ्यांचे टिश्यू कोरडे येईपर्यंत ड्राय शॅम्पूचे डबे माझ्या कपाटात कुलपात राहतील. टॉवेल आपापला आणा. साडेआठला दार बंद होईल.