आवडते ते आणि मानवते ते



निपाणी भागातील एका मठात गेल्या श्रावणात दासोहाच्या पंक्तीला बसलो होतो. पानात गव्हाची हुग्गी, तिच्यावर तुपाची धार, भात आणि सार. आदल्याच आठवड्यात बेळगावच्या डॉक्टरांनी बजावले होते की, दहा किलो वजन उतरवा, नाहीतर साखरेची गोळी वाढवावी लागेल. वाढणारा तरुण दुसऱ्यांदा पळी घेऊन आला तेव्हा मी पानावर हात आडवा धरला. तो मोठ्या भक्तिभावाने म्हणाला, "काका, प्रसादाला नको म्हणू नये." हात बाजूला झाला. ताटात टाकायचे नाही हा तर आपला दंडकच, म्हणून सर्व संपविले, ताट धुऊन ते पाणी प्यालो आणि घरी पोचेपर्यंत मनाशी भांडत राहिलो. नाकारावे तर प्रसादाचा अवमान, कोंबावे तर देहाचा. मग प्रसादाचा मान राखणे म्हणजे करायचे तरी काय?

शरणांनी पदार्थ आणि प्रसाद हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. अर्पण होईपर्यंत तो पदार्थ, अर्पण झाल्यावर प्रसाद. आता अर्पण ही जाणीवपूर्वक करावयाची क्रिया आहे. समोर येईल ते, येईल तितके घशाखाली ढकलणे म्हणजे अर्पण नव्हे. आणि ताटातले टाकू नये हा नियम नीट पाहिला तर तो शेवटच्या घासाबद्दल बोलतच नाही. तो पहिली पळी पडण्यापूर्वीच्या क्षणाबद्दल बोलतो. टाकायचे नाही, म्हणूनच आधी मोजून घ्यायचे. आपण नियमाचा उत्तरार्ध पाळतो आणि पूर्वार्ध वाढप्यावर सोडून देतो.

येथे आयदक्की लक्कम्मांची आठवण होते. 'आयदक्की' म्हणजे वेचलेला तांदूळ. पती मारय्या कल्याणात सांडलेले दाणे वेचून आणीत आणि त्यावर दासोह चाले. एके दिवशी त्यांनी रोजच्याहून अधिक तांदूळ आणला. चोरीचा नव्हे, रोजच्यासारखाच वेचलेला. तरी लक्कम्मांनी तो परत जेथला तेथे टाकून यायला लावला. आपल्या गरजेचे माप ठरलेले असताना हे वरचे कशाला, एवढेच त्यांचे म्हणणे. ही कथा आपण लोभाविषयी सांगतो, ते योग्यच आहे. मला मात्र अलीकडे त्यात दुसरे काही दिसते. लक्कम्मांना आपले माप ठाऊक होते, ते दुसऱ्या घराच्या मापावरून काढलेले नव्हते.

(स्थूल माणसाला लोभी ठरविण्यासाठी मात्र ही कथा कोणी वापरू नये. आनुवंशिकता, थायरॉईडसारखे विकार, काही औषधे यांनीही वजन वाढते. सडपातळ माणूस संयमीच असतो असेही नाही.)

मग आपले माप कोणते? गेल्या काही वर्षांत मराठी घरांतून यावर जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकर यांनी मांडलेला विचार पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेला: दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपावे आणि रोज 45 मिनिटे चालावे. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोडे थोडे, पण वेळेवर खा, आपल्या भागात पिकते ते खा, तुपाला भिऊ नका. 2018-19 च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने स्थूलताविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांची निवड केली आणि लग्नाच्या पंक्तीतही दोन पक्ष पडले. सीमेच्या अलीकडे आम्हीही काही मागे नव्हतो. पुण्याचा आमचा मुलगा पहिल्या पक्षाचा, निपाणीची मेहुणी दुसऱ्या पक्षाची, आणि दोघेही माझ्या ताटाकडे पाहून बोलत.

दोन्ही बाजूंना बारीक झालेली खरीखुरी माणसे होती, हे विसरता येत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 609 जणांवर वर्षभर केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. काहींना कमी स्निग्ध आहार दिला, काहींना पिष्टमय पदार्थ कमी केलेला. सरासरीने दोन्ही गटांचे वजन साधारण सारखेच, पाच ते सहा किलो उतरले. मात्र प्रत्येक गटात कोणाचे तीस किलोच्या घरात उतरले, तर कोणाचे उलट वाढले. कोणाला काय लागू पडेल हे जनुके तपासून आधी सांगता येते का, तेही पाहिले. सांगता आले नाही. म्हणजे माणूस दीर्घकाळ कोणत्या पद्धतीने राहू शकतो, हे राहूनच कळते.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे, 'मानवणे'. आवडणे जिभेचे, ते घासासरशी कळते. मानवणे सगळ्या देहाचे, त्याला महिने लागतात. घोटाळा असा की आवडलेल्यालाच आपण "मला मानवते" म्हणतो. मी स्वतः म्हणत असे की चार भाकऱ्यांवाचून मला मानवत नाही. माझे वडील चार भाकऱ्या खात, पण ते दिवसभर तंबाखूच्या शेतात वाकलेले असत. मी शिक्षक झालो, खुर्चीत बसलो, निवृत्तही झालो. कायक बदलले, ताट तेच राहिले. विड्या वळणाऱ्या बायकांचेही तसेच. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसायचे, खायचे मात्र शेतकामाच्या सवयीने. ज्वारी चांगली म्हणून चार भाकऱ्या चांगल्या होत नाहीत. आणि भाकरीवरची शेंगाचटणी, तिच्यावर तेल. एक ग्रॅम तेलात नऊ उष्मांक, पिठात चार. हे मुलांना मी वर्गात शिकविले आहे!

दोनदा जेवण्याचा प्रयोग मी केला. तिसऱ्या दिवशी दुपारी हात थरथरले, घाम फुटला. साखरेची गोळी चालू असताना जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नयेत, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. कोणी इन्सुलिन घेत असेल तर त्याने विशेष सांभाळावे. डॉक्टरांनी गोळीची वेळ बसवून दिली आणि मी तीन वेळांवर आलो: दोन भाकऱ्या, भाजी दुप्पट, ताक, संध्याकाळी सातच्या आत जेवण. ही पद्धत ना पुण्याची ना मेहुणीची.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. माझे वेगळे, मुलगा आला की त्याचे वेगळे, नातवाचे वेगळे. आणि हे सर्व रांधायचे आमच्या सौभाग्यवतींनी. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर त्या स्वयंपाकघरात बसून माझ्या वाट्याच्या उरलेल्या दोन भाकऱ्या आणि नातवाने टाकलेला भात संपवीत होत्या. मी म्हणालो, "अगं, भूक आहे का?" त्या म्हणाल्या, "भूक कसली. टाकायचं नसतं ना." गेली चाळीस वर्षे घरातील कोणाचेही ताट वाया गेले नाही, ते असे. त्यांची साखर माझ्या दोन वर्षे आधीपासून वाढलेली आहे आणि आम्ही सर्वजण आतापर्यंत त्याचे खापर त्यांच्या गोड खाण्यावर फोडत होतो.

मी कमी घेतले आणि तेच दुसऱ्याच्या पोटात गेले, तर मी संयम कसला केला? लक्कम्मांनी माप घरात येणाऱ्या तांदळाला लावले होते, एकट्या मारय्यांच्या ताटाला नव्हे. माझी पथ्याची वही केवळ माझ्यापुरती होती.

आता संध्याकाळी पीठ मळण्याआधी त्या परातीपाशी थांबतात आणि मोठ्याने विचारतात, "किती?" प्रत्येकाला आकडा सांगावा लागतो. पहिल्या आठवड्यात नातू लाजून "तीन" म्हणाला आणि अडीचच खाल्ली. उरलेली अर्धी मी खाल्ली, त्यांना खाऊ दिली नाही. माझे वजन सात महिन्यांत पाच किलो उतरले आहे, दहा अजून दूर आहेत. त्यांची साखर मागच्या तपासणीत थोडी खाली होती. मठात गेलो की आता त्या माझ्याबरोबर पहिल्याच पंक्तीला बसतात, आणि वाढणारा तरुण पळी भरण्याआधी आम्हा दोघांकडे पाहून विचारतो, "काका, काकू, अर्धी ना?"