कमंडलूत किती पाणी मावतं?

न्यू टाउनमध्ये चढ नाही. राजारहाटची भातखाचरं आणि मासळीची तळी (भेरी) बुजवून उभ्या राहिलेल्या या शहरात सायकलीला भेटणारा सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे उड्डाणपूल. पहाटे विश्व बांगला सरणीला लागावं, ४८० एकरांच्या इको पार्कला वळसा घालावा, गेटवर अधांतरी टांगलेल्या गोल रेस्तराँखालून परत फिरावं. एवढ्यात गिअर बदलायची वेळ क्वचितच येते. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटरवर राहणारी माणसं डोंगरातल्या शेकडो किलोमीटरच्या शर्यतींची स्वप्नं बघतात, ती बहुधा या सपाटीलाच कंटाळून.

इथल्या एखाद्या घराची कल्पना करावी. बारावा मजला, नोकरीसाठी पुण्याहून आलेलं जोडपं, दिवाणखानाभर पसरलेलं सामान. केकसाठी आणलेला डिजिटल काटा नवऱ्याच्या ताब्यात. जादा ट्यूब २०० ग्रॅम. मल्टिटूल १५०. पावसाळी जाकीट २७०. टायर लिव्हर दोन पुरेत की तीन घ्यावेत? टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली, कारण तेवढेच सहा ग्रॅम वाचले. बायको म्हणते, "सहा ग्रॅम पोटावरून कमी कर की." या विषयावरचं हे सर्वांत शास्त्रशुद्ध विधान असतं, पण ते त्या घडीला कोणी मनावर घेत नाही.

मग पाण्याची पाळी येते आणि काट्याची सगळी हुशारी संपते. जाकीट महागातलं घेतलं तर हलकं मिळतं, टायटॅनियमचा मग स्टीलच्या मगाहून हलका असतो. पाणी मात्र कितीही पैसे मोजा, लीटरला किलोच भरतं. त्याची हलकी आवृत्ती कोणत्याही दुकानात नाही.

खरं तर हिशेब करून पाहिला तर हे ओझं वाटतं तेवढं भयंकर नाही. कोलकात्याच्या सायकलवाल्यांचं जवळचं आणि लाडकं दिव्य म्हणजे संदकफू. न्यू जलपायगुडीला रेल्वेनं उतरायचं, मानेभंज्यांग गाठायचं आणि तिथून सिंगालीला धारेवरच्या एकतीस-बत्तीस किलोमीटरच्या रस्त्यानं ३,६३६ मीटर उंचीच्या माथ्यावर जायचं. मानेभंज्यांगपासूनची निव्वळ चढाई दीड हजार मीटरच्या आसपास. एक किलो वजन दीड हजार मीटर वर न्यायला भौतिकशास्त्राच्या हिशेबानं साडेतीन किलोकॅलरी लागतात. माणसाच्या स्नायूंचा गळका कारभार धरला तर पंधरा-सोळा. म्हणजे एका पार्ले-जी बिस्किटाहून कमी. रस्ता खडतर, म्हणून हवं तर आणखी एक बिस्कीट धरावं.

दोन बिस्किटांसाठी माणूस टूथब्रश कापतो, तेव्हा प्रश्न वजनाचा राहिलेला नसतो. डोंगरात काय होईल हे माहीत नसतं; पाऊस, दरड, तुटलेली चेन, यातलं काहीच हातात नसतं. हातात असतो तो काटा. आणि काट्यावरच्या या खेळाला अलीकडे फार प्रतिष्ठेचं नाव मिळालं आहे: कमीत कमी वस्तूंत जगणं, गरजा कमी करणं. ऐकणाऱ्याला वाटावं, हा तर अपरिग्रहच.

तो खरंच अपरिग्रह आहे का, हे तपासायला या शर्यतींचे नियम बघण्यासारखे आहेत. बाईकपॅकिंगच्या, म्हणजे सगळं सामान सायकलीवरच वाहण्याच्या, शर्यतीत मागून गाडी येत नाही, वाटेत कोणी बाटली पुढे करत नाही. अमेरिकेतली टूर डिव्हाइड ही त्यांतली नावाजलेली शर्यत. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत रॉकी पर्वतातून सुमारे ४,४०० किलोमीटर. माइक हॉल या ब्रिटिश सायकलपटूनं २०१६ मध्ये हे अंतर चौदा दिवसांच्या आत तोडलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका शर्यतीत, कॅनबेराजवळ, रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. टूर डिव्हाइडच्या मार्गावर वायोमिंगमध्ये एक विचित्र खोरं लागतं. तिथं पडलेला पाऊस ना अटलांटिकला मिळतो ना पॅसिफिकला. तिथंच जिरतो नाहीतर उडून जातो. दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या त्या पट्ट्यात पाण्याची ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी. तिथं सहा लीटर पाणी घ्यायचं की चार, यावर माणसं रात्र रात्र जागतात.

मदतीबाबतचा नियम थोडक्यात असा, की जे सगळ्यांना मिळू शकतं ते घ्यायला हरकत नाही. दुकान चालतं, हॉटेल चालतं, सार्वजनिक नळ चालतो. मावशीनं खास येऊन दिलेला डबा चालत नाही. आधीच जाऊन झुडपात लपवून ठेवलेली बाटलीही नाही. नियम न्याय्य आहे, यात शंका नाही. पण त्याला 'स्वावलंबन' म्हणायचं तर एक गोष्ट गाळावी लागते. सामान हलकं राहतं, कारण खिशात कार्ड असतं. वाटेत कुठं ना कुठं कोणीतरी दुकान उघडून बसलेलं असतं, आणि सायकलस्वाराचं गोदाम म्हणजे ते दुकान. वस्तू कमी झालेल्या नसतात. त्या दुसऱ्याच्या फळीवर ठेवलेल्या असतात एवढंच.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही बहुतांश एकटीनं. ते अंतर डिसेंबरात कोलकात्यात पूर्ण झालं. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये सुरा दाखवून लुटलं, रशियात बर्फात तंबू ठोकावा लागला. विशीतल्या मुलीचं ते धाडस थक्क करणारं आहे. पण स्पेनमधला प्रसंग सामानाच्या यादीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लावतो: जे घेतलं आहे ते कोणीतरी हिसकावू शकतं, आणि त्याची राखण हेही एक वजनच असतं.

हे वजन जुन्या लोकांनी मोजून ठेवलं आहे. पतंजलींच्या पाच यमांतला शेवटचा अपरिग्रह. त्यावरच्या व्यासभाष्यात वस्तू बाळगण्यातले पाच दोष सांगितले आहेत: ती मिळवताना होणारा त्रास, राखतानाचा त्रास, ती नष्ट होण्याचं दुःख, तिच्यात गुंतणारं मन आणि तिच्यापायी घडणारी हिंसा. दिवाणखान्यातल्या पसाऱ्याला ही यादी चपखल बसते. जाकीट ऑनलाइन मागवताना घालवलेल्या रात्री हा पहिला दोष. ढाब्यावर चहा पितानाही सायकलीवर खिळलेला डोळा हा दुसरा. फाटलेली सॅडल बॅग तिसरा, आणि 'माझी जुनी बाटलीच मला लागते' हा चौथा.

पण पाणी या यादीतून निसटतं. ते मिळवायला फार खटपट नाही, चोर ते चोरत नाही, संपल्याचं दुःख पुढच्या झऱ्यापाशी संपतं, आणि पाण्यात मन गुंतल्याचं कोणी ऐकलेलं नाही. पहिले चारही दोष पाण्याला लागत नाहीत. उरतो पाचवा. हे पाणी कोणाच्या वाट्याचं होतं?

संन्याशानं हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला. १८९२ च्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर टिळकांच्या डब्यात एक बंगाली संन्यासी चढला. पोचवायला आलेल्या गुजराती गृहस्थांनी ओळख करून दिली, आणि तो पाहुणा पुण्यात आठ-दहा दिवस टिळकांकडे राहिला. नाव विचारलं तर मी संन्यासी आहे, एवढंच. टिळकांनी पुढे आठवणीत नोंदवलं, की त्याच्याकडे पैसे अजिबात नव्हते. एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रं आणि कमंडलू एवढंच सामान, आणि जायचं त्या स्टेशनाचं तिकीट कोणी ना कोणी काढून देई. ते स्वामी विवेकानंद, हे शिकागोच्या परिषदेनंतर उलगडलं. सामानाची इतकी आखूड यादी एकाही शर्यतवाल्याला जमलेली नाही. पण शर्यतीच्या नियमानं बघितलं तर स्वामी पहिल्याच दिवशी बाद. तिकीट मावशीच्या डब्यासारखंच आलेलं!

त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावात वकील भाटे यांच्याकडे ते उतरले. जेवणानंतर त्यांनी पानसुपारी मागितली, आणि पुढे तंबाखूही. संन्यासी म्हटल्यावर घरच्यांना जरा धक्काच बसला. सगळं सोडलेल्या माणसानंही एखादी बारीक गोष्ट ठेवली होती आणि ती लपवली नव्हती, हे त्यांच्या सामानाच्या यादीपेक्षा जास्त जवळचं वाटतं.

दिगंबर जैन मुनींची यादी याहूनही आखूड: मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. त्या कमंडलूतलं पाणी प्यायचं नसतं, ते हातपाय धुण्यापुरतं. प्यायचं पाणी दिवसातून एकदाच, आहाराच्या वेळी, उभ्यानं, ओंजळीत, तेही श्रावकानं गाळून-उकळून दिलेलं. बेळगावकडच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर याच व्रतानं चालत १९२८ मध्ये झारखंडातल्या सम्मेद शिखरजीला पोचले. न्यू टाउनहून पारसनाथचा तो डोंगर दुचाकीवरूनही गाठता येईल इतक्या टप्प्यात आहे. मुनींजवळ काहीच नव्हतं, म्हणून बरोबर श्रावकांचा मोठा संघ लागला. संपूर्ण अपरिग्रहाला संपूर्ण सपोर्ट टीम लागते, असं कोणी म्हटलं तर ते थट्टेवारी न्यायचं कारण नाही. मुनींना ते ठाऊक असतं. आपण कोणाच्या ओंजळीवर जगतो आहोत, याचा त्यांना रोज एकदा, उभ्यानं, साक्षात्कार घडतो. कार्ड पुढे करणाऱ्याला तो घडत नाही.

आणि मग पाणी वाहण्याची एक तिसरीच तऱ्हा आहे, जिथं वाहणाऱ्याला ते प्यायचंच नसतं. श्रावणात बिहारमधल्या सुलतानगंजला गंगेचं पाणी भरून माणसं देवघरच्या वैद्यनाथाला अनवाणी निघतात. (ज्योतिर्लिंग खरं कोणतं, यावर परळीकरांशी वाद नको.) अंतर १०५ किलोमीटरच्या घरात. त्यांतले 'डाक बम' हे सगळं चोवीस तासांच्या आत, न थांबता पार करतात. शर्यतच म्हणायची. फक्त पाठीवरचा लीटर स्वतःसाठी नाही, आणि तहान लागली तरी तो उघडायचा नाही. आपल्याकडे चैत्रात शिखर शिंगणापूरला सासवडहून कऱ्हेचं पाणी घेऊन भुतोजी तेल्याची कावड येते. मुंगी घाटाच्या कड्यावर तांब्याचे जड रांजण माणसांच्या साखळीनं, हातावर हात झेलत वर चढवले जातात. आणि ते कुठं? माणदेशात, जिथं पाण्याला टँकरची वाट बघितली जाते. तिथल्या तळ्याचं श्रेय मालोजी भोसल्यांना देतात, ते उगाच नव्हे. दुष्काळी मुलखात एवढे कष्ट घेऊन आणलेलं पाणी पिंडीवर ओतायचं, हे बुद्धीला पटत नाही. ते पटवून देण्याचा खटाटोप इथंही नको.

एकनाथांची गोष्ट मात्र इथं नव्यानं वाचावीशी वाटते. रामेश्वरासाठी कावडीनं आणलेली गंगा, वाळूत तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतणं. शाळेत ती दयेची गोष्ट म्हणून शिकवतात. नियोजनाच्या बाजूनं पाहिलं तर ती अशी आहे: नाथांकडे पाणी होतं, कारण ते त्यांचं नव्हतं. स्वतःपुरतं मोजून घेतलेलं असतं, तर गाढवाला द्यायला शिल्लक राहिलंच नसतं. गरजेपेक्षा जास्त, दुसऱ्या कोणासाठी वाहिलेलं ओझं, हेच त्या वाळूतलं एकमेव पाणी होतं. ग्रॅम मोजणाऱ्या हिशेबात या ओझ्याला रकानाच नाही.

संदकफूच्या वाटेवर हे सगळं पुन्हा जमिनीवर येतं. धारेवर पाण्याची कायम टंचाई. झरे खाली, वस्ती वर. लॉजमधलं पाणी कोणीतरी खालून वर आणलेलं असतं. तीन लीटर भरून घेणाऱ्या सायकलस्वारानं ते विकत घेतलं तरी त्यानं डबा वाहिलेला नसतो. शिवाय पाण्याचं नियोजन किलोमीटरवर करून भागत नाही. चढावर ताशी सहा किलोमीटरचा वेग धरला तर टप्प्याला तास किती लागतील हे बघायचं. कोलकात्याच्या दमट हवेत कपडे ओले होतात तेवढा घाम त्या गार हवेत दिसत नाही आणि तहानही उशिरा लागते, म्हणून घड्याळ लावून प्यायचं. आणि प्रत्येक ठिकाणी पाणी कुठून येतं ते विचारायचं.

न्यू टाउनच्या घरात रात्री अकराला यादी परत लिहिली जाते. वजनाच्या रकान्याशेजारी बायकोनं पेन्सिलीनं एक नवा रकाना आखला आहे: 'कोणाचं'. पहिली बाटली घरच्या नळाची. इथं नळाला येतं ते हुगळीचं, म्हणजे गंगेचंच पाणी, न चालता बाराव्या मजल्यावर आलेलं. मग संदकफूच्या वाटेवरची ठिकाणं: टुमलिंगपुढे 'लॉजचा ड्रम'. गैरीबासपुढे 'झरा, तिथं विचारणे'. काळपोखरीपुढे नवऱ्यानं 'तळं' लिहिलं, मग थांबून खोडलं. तळं रस्त्याला लागून आहे, पाणी काळंभोर आणि भरपूर, पण काठावर प्रार्थनेच्या पताका असतात आणि तिथले लोक ते पवित्र मानतात. त्या ओळीत त्यानं फक्त उंची लिहिली, आणि आधीच्या टप्प्याच्या दोन लीटरचे अडीच केले.