फसफसतं ते आवरायला आधी शीक

कुडाळ,
14 एप्रिल

चि. ओंकार,


तुझा निरोप मिळाला. देवबागच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यास हे फार चांगलं केलंस. आता त्यांना करवंदाची, जांभळाची, काजूच्या बोंडूची घरची वाईन द्यायची आणि त्यासाठी मागच्या पडवीत बरण्या मांडायच्या, असा तुझा बेत आहे. माझं उत्तर आधीच सांगते: मांडू नकोस. पण विषय सोडूही नकोस. दोन्हींची कारणं सविस्तर लिहिते.

पहिलं कारण कायद्याचं. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. परवाना नसताना मद्य तयार करणं, साठवणं आणि विकणं, तिन्ही गुन्हे आहेत. वाईन फळांची आहे म्हणून ती यातून सुटत नाही. जेवणासोबत दिलेल्या पेल्याचे वेगळे पैसे घेतले नाहीस, तरी खोलीचं भाडं घेणाऱ्याने दिलेला पेला फुकटचा कसा, असं विचारणारा अधिकारी भेटेलच. तू ज्यांचे व्हिडिओ बघतोस ती माणसं वेगळ्या कायद्याखाली राहतात. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर वाईन कर न भरता करता येते. पण ती घरच्यापुरती. विकायची मुभा तिथेही नाही. आणि गोव्याचा दाखला देऊ नकोस. तिथल्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण तिथल्या भट्ट्याही परवान्यावरच चालतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाईन करणं म्हणजे फळ आंबवणं, असं तू धरून चालला आहेस. अरे, फळ आंबवावं लागत नाही, ते आपोआप आंबतं. पिकलेल्या जांभळाच्या सालीवर यीस्ट असतंच. एप्रिलच्या उकाड्यात बोंडूचा रस सकाळी काढून ठेव, संध्याकाळपर्यंत त्याचा वास बदललेला असेल. खरं कौशल्य आहे ते आंबणं हवं तिथे थांबवण्यात. आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे, फक्त त्याला कोणी विद्या म्हटलं नाही.

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, आगळात लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं, ते नुसत्या चवीसाठी नसतं. एवढ्या मिठात यीस्ट सहसा वाढत नाही. अमृत कोकमात सालीच्या दुप्पट साखर लागते, कारण ती साखर यीस्टच्या अंगातलंच पाणी ओढून घेते. सोलं उन्हात कडकडीत वाळवतात, कारण ओल नसेल तर काहीच आंबत नाही. आणि माड तर तुझ्या दारातच उभे आहेत. पोयीतून पाझरणारा रस मडक्यात पडता पडताच आंबायला लागतो. काही तासांत त्याची माडी होते आणि पुढे शिरका. मडक्याला आतून चुना लावला की तोच रस नीरा म्हणून गोड राहतो. मीठ, साखर, ऊन आणि चुना हे आपले चार लगाम आहेत. ज्याला हे चार धरता येत नाहीत, त्याने वाईनच्या वाटेला जाऊ नये. वाईनमध्ये घोडा सोडायचा असतो, पण लगाम हातातच ठेवायचा असतो.

तो लगाम कसा असतो तेही सांगते, म्हणजे मी नुसतीच अडवते आहे असं तुला वाटणार नाही. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. हे काम जिवंत पेशींचं आहे, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं. हिशेब साधा आहे: लिटरभर रसात 17 ग्रॅम साखर असेल तर साधारण 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. समजा, जांभळाच्या रसात लिटरमागे 120 ग्रॅम साखर निघाली. त्याचं अल्कोहोल होईल 7 टक्के. एवढ्यावर वाईन नीट टिकत नाही. हवा लागली की शिरका करणारे जीवाणू तिचा ताबा घेतात. 11 टक्के हवं तर 187 ग्रॅम साखर लागेल, म्हणजे 67 ग्रॅम वरून घालावी लागेल. अंदाजाने चार वाट्या टाकून हे जमत नाही. रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर त्यासाठीच असतो. तयार होणारा वायू बाहेर जाईल पण बाहेरची हवा आत येणार नाही, अशी नळी भांड्याला लागते. बूच घट्ट मारून ठेवलंस तर बाटली फुटून काचा अंगावर येतील.

आपल्या फळांच्या खोडीही वेगवेगळ्या. बोंडूत टॅनिन इतकं असतं की घसा खवखवतो. साबुदाण्याची खळ घातली की ते तळाशी बसतं आणि वरचा रस नितळ मिळतो. करवंदाला चीक असतो आणि पेक्टिन भरपूर, त्यामुळे रस गढूळ राहतो. पूर्ण काळी झालेलीच घ्यावीत. जांभळाची बी ठेचली गेली तर तुरटपणा वाढतो. रातांबा इतका आंबट की पाणी घातल्याशिवाय यीस्ट त्यात काम करणार नाही, आणि वाळूतल्या विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर तेही चालणार नाही. अशा आंबट रसांना ॲल्युमिनियम किंवा तांब्याचं भांडं कधीच वापरायचं नाही, काच किंवा स्टीलच.

त्यात आपलं हवामान. ही सगळी फळं येतात फेब्रुवारी ते जूनमध्ये, आणि मुख्य बहर ऐन उकाड्यात. आंबताना भांडं स्वतःही तापतं. पारा 35 च्या पुढे गेला की यीस्ट मरगळतं आणि चव बिघडते. म्हणून जाणकार फळांचा गर गोठवून ठेवतात आणि थंडीत काम काढतात. गोठल्याने फळाच्या पेशी फुटतात आणि रसही जास्त सुटतो.

रानातून आणायचं म्हणतोस, तर करवंदं तुझ्या वाळूच्या पट्ट्यावर मिळायची नाहीत. त्यासाठी कर्लीची खाडी ओलांडून परुळे-चिपीच्या सड्यावर जावं लागेल. तिथल्या जाळ्या कोणाच्या तरी जमिनीत आहेत, विचारून हात लाव. त्याहून बरं म्हणजे पानाच्या खोल्यातून करवंदं विकणाऱ्या बायकांकडून विकत घे. दोन पैसे त्यांना मिळतील आणि पिकलेलं कुठलं, ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. जे फळ-फूल आपल्याकडे पूर्वीपासून खाल्लं जात नाही, ते वासावर भाळून भांड्यात टाकायचं नाही. कुंपणाच्या कण्हेरीचं तर पानही आसपास नको.

आणि एक गोष्ट बजावून सांगते. रस आंबवणं आणि तो उकळून गाळणं यात फार अंतर आहे. भट्टीचा विचारही मनात आणू नकोस. 2015 मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. ते विष फळातून आलं नव्हतं, मिथेनॉल मिसळल्याने आलं होतं. पण दारूच्या चोरट्या धंद्यात बाटलीत काय आहे हे पिणाऱ्याला कधीच कळत नाही, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. तुझ्या घरावर पाहुण्यांचा जो विश्वास आहे, त्याच्या जवळपासही असलं काही येऊ नये.

मग करायचं काय? राजमार्ग आहे, लांबचा आहे एवढंच. पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूपासून वाईन करणारा उद्योग रीतसर परवान्याने उभा राहिला. पुण्यात मधापासून मीड करणारे आहेत. मग करवंदाला आणि जांभळाला का जमू नये? पण ते पडवीत जमणार नाही. त्याला वेगळी जागा, भांडवल, परवाना आणि चार भागीदार लागतील. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन नियम काय, शुल्क किती, हे समोरासमोर विचारून घे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेंगुर्ल्याला फळसंशोधन केंद्र आहे. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती तिथल्याच. तिथल्या माणसांशी बोंडूबद्दल बोल.

तोवर पाहुण्यांना चार लगामांतलं द्यायला लाग. सोलकढीसाठी घरचं आगळ, दुपारी अमृत कोकम, करवंदाचं सरबत. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घे आणि प्रत्येक बाटलीवर केल्याची तारीख लिही. साखर कमी पडलेलं सरबत फसफसायला लागलं, तर साखर नेमकी किती लागते हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा नीट कळेल.

आणि एक हायड्रोमीटर घे. नुसता रस मोजायला परवाना लागत नाही. फळ कोणतं, कुठलं, कोणत्या तारखेचं, साखर किती, आंबटपणा कसा, हे वहीत लिहीत जा. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असतात, पाहुणे कमी असतात, तेव्हा ती वही नीट मांड. दोन हंगामांची वही हातात असेल, तर खात्यात आणि विद्यापीठात तू हौशी पोरगा म्हणून नाही, तयारीचा माणूस म्हणून जाशील. भागीदार शोधायची वेळ आली तर पहिलं नाव माझं लिही, पण वही बघितल्याशिवाय मी पैसे घालणार नाही.

रातांबे लागले असतील. पावसाच्या आत उतरवून घे. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या