माफीसाठी सर्टिफिकेट

प्रगतिपुस्तकातला एक शेरा पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे : ‘हुशार आहे, पण कष्ट घेत नाही.’ ऐकायला कौतुकासारखा, पण आहे आरोप. बुद्धी तुला जन्मतः मिळाली, कष्ट तुझ्या हातात होते, ते तू केले नाहीस. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणताना, ज्याला परमेश्वर भेटला नाही त्याने प्रयत्नच केला नसणार, हेही आपण गुपचूप धरून चालतो.

पण दुसऱ्याचे कष्ट दिसतात कुठे? दिसतो तो निकाल. त्यावरून मागे जाऊन आपण कष्टांचा अंदाज बांधतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत तो अनेकदा सपशेल उलटा पडतो. शेजारच्या बाकावरची मुलगी जो परिच्छेद दोन मिनिटांत संपवते, त्याच परिच्छेदात डिस्लेक्सिया असलेलं मूल एकेका अक्षराशी झटत असतं. देवनागरीत उच्चार आणि लेखन बरंच जुळतं, त्यामुळे इंग्रजीपेक्षा मराठी थोडी सोपी जाते, हे खरं. तरी एकट्या ‘र’ची रूपं बघा : सूर्य, ग्रह, राष्ट्र, तऱ्हा. शिवाय घ आणि ध, भ आणि म, पहिली वेलांटी की दुसरी. तुमच्या-माझ्या डोळ्यांना हे कधीच सवयीचं झालंय. त्या मुलाला कालचीच अक्षरं आज पुन्हा नव्याने ओळखावी लागतात. दुपारपर्यंत ते दमतं, खिडकीबाहेर बघायला लागतं, आणि शेरा तयार होतो : लक्ष नाही.

कोडं जुनं आहे. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. चलाख, खेळात तरबेज, बीजगणित जमणारा. पण वर्षानुवर्षं शिकवूनही वाचता येईना. स्वतःच्या नावातलीही अक्षरं उलटसुलट व्हायची. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत होतं. आपल्याकडे १९९५च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये तो आला. आता सरकारी रुग्णालयात तपासण्या होतात, सर्टिफिकेट मिळतं, बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त मिळतात. (‘मग आमच्या मुलांनी काय पाप केलंय?’ असं विचारणाऱ्यांना एवढंच विचारावं, की इतिहासाचा पेपर इतिहास तपासायला असतो की हाताचा वेग?)

तो कागद हातात आल्यावर घरात काय होतं, ते बघण्यासारखं असतं. आई आधी रडते. मग हलकी होते. मग तिला गेल्या चार वर्षांतली प्रत्येक संध्याकाळ आठवते : गृहपाठाची वही, पट्टी, ‘एवढंसुद्धा येत नाही?’ आणि सासरच्यांचं, ‘तू नोकरी करतेस ना, म्हणून.’ धाकटी बहीण, जिला चांगले मार्क पडतात, ती आपली उत्तरपत्रिका दप्तरातच ठेवते. तिला कुणी तसं सांगितलेलं नसतं. आणि मूल? ‘मी ढ नाहीये ना?’ हा त्याचा पहिला प्रश्न.

मला अडतं ते इथेच. कागद आला आणि मूल आरोपातून सुटलं, छान झालं. पण सुटण्यासाठी कागद लागला, याचा अर्थ आरोपाचं कलम तसंच शाबूत आहे. त्याच वर्गातलं दुसरं मूल, ज्याचा बुद्ध्यांक ठरवलेल्या रेषेच्या जरा खाली आला किंवा ज्याच्या आईबापांना रुग्णालयाच्या खेपा घालायला रजा मिळाली नाही, ते आळशीच राहिलं. ‘आमचा हुशार आहे हो, फक्त वाचता येत नाही,’ हे सांगताना जो दिलासा मिळतो, तो जे हुशार नाहीत त्यांच्या डोक्यावर पाय ठेवूनच मिळतो. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला आणि घराघरांत डिस्लेक्सिया हा शब्द पोचला. त्याचे उपकार मोठे आहेत. पण शेवटी ईशान चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. आला नसता तर? निकुंभ सर वर्गात आइनस्टाइनचं नाव घेतात. तो डिस्लेक्सिक होता याला भक्कम पुरावा नाही, आणि असता तरी काय? वाचता न येणाऱ्या मुलाने आपल्या मायेची किंमत म्हणून एखादी प्रतिभा काढून दाखवावी, ही अपेक्षा मला मार्कांच्या अपेक्षेइतकीच निर्दय वाटते.

आजी म्हणायची ते ‘येईल हळूहळू, राहू दे’ शास्त्राला धरून नव्हतं. लवकर ओळखून, आवाज आणि अक्षर यांची सांगड पद्धतशीर शिकवली तर फरक पडतो. नुसतं थांबून वेळ जातो. पण त्या ‘राहू दे’मध्ये माफी आधी होती आणि कारण नंतर. आम्ही शिकलेल्यांनी हा क्रम उलटा केला.

वडिलांबद्दल कमी बोललं जातं. डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो, त्यामुळे डॉक्टर मुलाची लक्षणं सांगत असतात आणि समोरचा बाप गप्प होत जातो. ओळखीतल्या एकाचं असंच झालं. दहावीला दोनदा नापास, पुढे गॅरेज, आता स्वतःचं गॅरेज. गाडीचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतो. बिलं बायको लिहिते. ‘मीपण मार खाल्ला, काय बिघडलं?’ हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं आणि त्याच हिशेबाने त्याने मुलालाही मारलं होतं. रिपोर्ट ऐकून झाल्यावर त्याने मुलाबद्दल काहीच विचारलं नाही. मोठ्या माणसांचीही ही तपासणी होते का, एवढंच विचारलं. होते म्हटल्यावर, ‘नको, असू दे,’ म्हणाला. त्याला मारणारे वडील आता हयात नाहीत.