सुसंगती आणि पुष्टी : गुन्ह्याच्या कथनातील एक नैतिक प्रश्न

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्याची कथा सांगण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न बहुधा मालकीच्या भाषेत विचारला जातो. मृतांचे आप्त, गाव, तपास अधिकारी आणि लेखक यांपैकी ती कथा कोणाची, असा वाद मग सुरू होतो. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावयाचा आहे. कथा कोणाची यापेक्षा, सांगणाऱ्याने स्वतःला कोणत्या प्रकारच्या सत्याशी बांधून घ्यावयाचे, हे ठरवणे नैतिकदृष्ट्या अधिक निकडीचे आहे.

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात कोवळ्या मुलींच्या आणि स्त्रियांच्या हत्या झाल्या. गुप्तधन आणि नरबळी यांच्याशी त्यांचा संबंध जोडला गेला. या घटनांवर दोन ठळक कलाकृती उभ्या राहिल्या. १९८१ साली अमोल पालेकर यांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका सोनी लिव्ह या ऑनलाइन मंचावर आली. तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचा तिला आधार आहे. त्यांखेरीज या प्रकरणाचे कथन करणाऱ्या छोट्या चित्रफिती यूट्यूबवर फिरत असतात.

‘आक्रीत’ने घटनेचे द्रव्य घेतले, पण तिचा नायक मुकुटराव हा कल्पित नावाचा माणूस आहे आणि शीर्षकात गाव नाही. वास्तव कल्पितात रूपांतरित झाल्यामुळे तेथे प्रेक्षक ‘असे घडू शकते’ या पातळीवर विचार करतो. मालिकेने मात्र गावाचे नावच शीर्षकात घेतले. त्यामुळे ‘असेच घडले’ हा दावा तिच्याकडून आपोआप केला जातो. नाव दडवल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. इंडोनेशियात २०१९ साली समाजमाध्यमावर गाजलेल्या एका भयकथेत, तिच्यावर पुढे २०२२ मध्ये लोकप्रिय चित्रपट निघाला, लेखकाने गावाचे नाव मुद्दाम लपवले होते. तरी वाचकांनी पूर्व जावातील बन्युवांगीच्या परिसरात ते गाव शोधण्याचा सपाटा लावला. म्हणजे मूळ प्रश्न नावाचा नाही. नावामागच्या दाव्याची जबाबदारी कोण घेतो, याचा आहे.

या संदर्भात मानवतच्या खटल्याचे न्यायालयीन रूप विचार करण्यासारखे आहे. ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय विधिशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे, तो प्रामुख्याने माफीच्या साक्षीदाराच्या साक्षीबाबत. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १३३ प्रमाणे सहअपराध्याच्या पुष्टीविरहित साक्षीवर आधारलेली शिक्षा केवळ तेवढ्या कारणाने बेकायदा ठरत नव्हती. तरीही महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र पुष्टी मिळाल्याशिवाय अशा साक्षीवर विसंबू नये, हा विवेकाचा नियम न्यायालयाने अधोरेखित केला. कायद्याने जेथे मुभा दिली होती तेथे विवेकाने मर्यादा घातली. खटला वरच्या न्यायालयांत जात असता काही आरोपींची शिक्षा टिकली, काही निर्दोष सुटले.

कथनशास्त्राच्या अंगाने पाहिले तर सहअपराधी हा उत्तम निवेदक असतो. तो आतला असतो, त्याला क्रम ठाऊक असतो, हेतूही ठाऊक असतात. त्याची हकिगत सुसंगत असते आणि न्यायालयाचा संशय नेमका या सुसंगतीवर असतो. कारण खरी घटना ठाऊक असलेला माणूस तिच्यात एखादे निरपराध नाव सहज गोवू शकतो, आणि बाकीच्या खरेपणामुळे तेही खरे वाटते. मालिकेच्या रूपबंधाला मात्र सुसंगती हीच सर्वांत मोठी गरज. प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा हवी आणि अखेरीस सारे धागे जुळावे लागतात. पुराव्यात जी जागा रिकामी राहिली ती अभिनयाने, प्रकाशयोजनेने, पार्श्वसंगीताने भरून निघते. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. पडद्यावर तो कथेला मिळतो.

याची किंमत मृतांना आणि आरोपींनाच मोजावी लागते असे नाही. या प्रकरणाच्या कथनात पारधी समाजाचा उल्लेख येतो. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कलंक १९५२ मध्ये कायद्यातून पुसला गेला, लोकमानसातून नाही. सुसंगत कथा अशा पूर्वग्रहाला आयता आधार पुरवते.

मग अशा कथा सांगूच नयेत काय? असे म्हणणे पळवाट ठरेल. महाराष्ट्राला नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा करण्यास २०१३ साल उजाडावे लागले, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर. हे ध्यानात घेता मौन हे निरागस नसते. गावाची प्रतिष्ठा जपण्यासाठी पाळलेले मौन त्या मुलींनाच दुसऱ्यांदा विस्मृतीत ढकलते.

म्हणून कथाकाराकडे मागणी करावयाची ती मौनाची नाही, पुष्टीच्या शिस्तीची आहे. प्रारंभी ‘सत्य घटनेवर आधारित, काही प्रसंग काल्पनिक’ अशी पाटी दाखवून कायद्याची गरज भागते, विवेकाची भागत नाही. कोणते प्रसंग काल्पनिक, हे त्या पाटीवरून कळत नाही. जे सिद्ध झाले, जे केवळ सांगितले गेले आणि जे कलावंताने कल्पिले, या तिहींतील सीमारेषा कलाकृतीच्या आतच जाणवावी लागते. निवेदनातील खंड, परस्परविरोधी साक्षी, अनिर्णित शेवट ही साधने मराठी कथात्म साहित्याला अपरिचित नाहीत. त्यांनी रंजकता थोडी उणावेल. पण ज्या गावाचे नाव शीर्षकाला उसने घेतले, त्याचे ऋण फेडण्याचा एवढा एक मार्ग कलावंताच्या हाती निश्चितच आहे.