गप्प बसलेलं मूल

डी.एल.एड.च्या आंतरवासितेसाठी मला गडचिरोली जिल्ह्यातली एक द्विशिक्षकी शाळा मिळाली. पहिली ते चौथी, सगळी मुलं मिळून दोन खोल्या. हजेरीपटासोबत मला एक तोंडी सूचनाही मिळाली : मागच्या रांगेतली ती तिघं मंद आहेत, त्यांच्यात वेळ घालवू नका. तिघंही गप्प असायची. प्रश्न विचारला की खाली बघायची. पहिले दोन आठवडे मीही त्यांना मंदच समजले.

त्या तिघांतला पहिलीतला मुलगा एका दुपारी टेबलाजवळ आला, ‘एर’ म्हणाला आणि उभा राहिला. मला काही कळेना. शेवटी चौथीतली त्याची बहीण म्हणाली, ‘‘मॅडम, त्याला पाणी पाह्यजे.’’ तो माडिया बोलणारा. माडिया ही गोंडीच्या कुळातली, तेलुगू-कन्नडच्या द्राविडी घराण्यातली भाषा. माझी मराठी त्याच्यासाठी परकी होती. ज्या पोराला साधं पाणी मागता येत नव्हतं, त्याची बुद्धी मी बेरीज-वजाबाकीवर जोखत होते. भाषेच्या अडचणीला आपण किती सहज मेंदूची अडचण म्हणून मोकळे होतो!

तिसरीतल्या मुलीची गोष्ट वेगळी. मी फळ्यावर लिहिता लिहिता बोलत होते. सहज मागे वळले, तर तिची पेन्सिल थांबलेली. मी तोंड तिच्याकडे करून बोलले की चालू, पाठ फिरवली की पुन्हा बंद. ती माझे ओठ वाचत होती. तिचा कान लहानपणापासून वाहत होता आणि तो कोणी तपासला नव्हता. तिला पहिल्या रांगेत बसवलं. आधी बोलायचं, मग फळ्याकडे वळायचं, ही सवय स्वतःला लावून घेतली. याला ना पैसा लागला, ना परवानगी.

चौथीतला मुलगा आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. आला की डोकं बाकावर. त्याला सिकलसेल होता. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत कळा उठतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि पाणी कमी पडणं, यांनी त्रास वाढतो. अशा मुलाला सारखं पाणी प्यावं लागतं, सारखं लघवीलाही जावं लागतं. आणि आमच्या वर्गाचे पहिले दोन नियम कोणते? तास चालू असताना पाणी प्यायचं नाही आणि विचारल्याशिवाय बाहेर जायचं नाही. आमची शिस्तच त्याचं दुखणं वाढवत होती.

लाज याची वाटली, की मी अभ्यास करून आले होते. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात 7 प्रकार होते, 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 झाले आणि त्यात सिकलसेल आहे, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. यादीतला एक प्रकार समोर येऊन बसला, तेव्हा मात्र मी त्याला आळशी म्हटलं. यादी पाठ असणं वेगळं आणि मूल ओळखणं वेगळं.

म्हणून मला वाटतं, समावेशक शिक्षणाची सुरुवात गप्प मुलापासून होते. गप्प राहणं बाहेरून सारखंच दिसतं, कारणं वेगळी असतात. एकाला आपली भाषा येत नाही, एकीला ऐकू येत नाही, एकाचं अंग दुखतं. ‘मंद’ या एका शब्दात तिघंही बसवली, की त्यांतल्या कोणालाच उपाय मिळत नाही.

हे शिकायला आम्हाला लांब जायची गरज नाही. 1973 साली आमच्याच जिल्ह्यात, हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे दवाखाना चालवणारे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकले. रुग्णाची भाषा कळल्याशिवाय दुखणं कळत नाही, हे डॉक्टरांना जमलं, तर शिक्षकांना का जमू नये? तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांबरोबर कुष्ठरुग्णांनी खडकाळ जमीन पिकवली. तिथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या, तसं महाविद्यालयही उभं राहिलं आणि तिथे शिकायला आली बाहेरची, धडधाकट मुलं. समाजानं ज्यांना हाकललं, त्यांनी समाजाच्या मुलांना आपल्यात सामावून घेतलं. समावेशन म्हणजे उपकार नव्हे, हे मला आनंदवनामुळे कळलं.

मग विशेष शाळा हवी की शेजारची? 2016चा कायदा 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला दोन्हींतून निवडण्याचा हक्क देतो. बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा लागते आणि ती बोलणारे सवंगडीही लागतात. ते गावात मिळत नाहीत, म्हणून विशेष शाळा हवीच. पण आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा मुलखात विशेष शाळा म्हणजे सहा वर्षांच्या लेकराला आईपासून दूर वसतिगृहात ठेवणं. गावच्या शाळेत फिरता का होईना विशेष शिक्षक येत नसेल, तर त्या हक्कातली निवड आईबापांच्या हाती उरतच नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा राहतात : ताटातूट किंवा मागची रांग. सरकारकडे मागायचं ते हेच, की गावातल्या शाळेची वाट खरी करा. आणि जंगलातल्या शाळेवर येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आधी तिथली बोली शिकवा.

ते होईपर्यंत माझ्या हातात माझं पाठ टाचण आहे. उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापन या ठरलेल्या रकान्यांखाली मी रोज एक ओळ हातानं आखते : आज कोण गप्प होतं आणि का? पहिल्या आठवड्यात ‘का’पुढची जागा कोरीच राहायची. आता तिथे लिहिलेलं असतं : कान वाहतोय, आईला निरोप दिला. रात्री कळा आल्या, आज धावणं नको. आणि वर्गाच्या कोपऱ्यातल्या माठावर खडूनं दोन शब्द लिहिलेत, शेजारी शेजारी : पाणी, एर.