आमचं काय बिघडलं?

शाळेच्या त्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत आठवडाभर जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरते आहे, तेव्हा तिचं वर्णन करत बसत नाही. मला राग आला तो शेवटाचा. पुठ्ठ्याचे पिसांचे टोप घातलेली, गालांवर लाल-पांढरे पट्टे ओढलेली मुलं एकेक करून व्यासपीठावर आडवी पडली, कडेनं आलेल्या टोपीवाल्या काउबॉयांनी खेळण्यातली पिस्तुलं उंचावली आणि पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. निवेदनात या प्रकाराला 'आदिवासी नृत्य' म्हटलं होतं. आणि हे झालं आदिलाबाद शहरात. आदिवासींवर जिथे पोलिसांनी गोळीबार केला, त्या इंद्रवेल्लीचा हुतात्मा स्तंभ इथून तासाभराच्या वाटेवर आहे.

  

चित्रफितीवर बोलणं निघालं की उत्तरं तयार असतात. मुलंच ती. भाड्याच्या दुकानात जे मिळालं ते आणलं. कोणाला दुखवायचं नव्हतं. ही उत्तरं मी सोडून देतो, कारण ती देणाऱ्यालाही ती फारशी पटलेली नसतात. चौथं उत्तर मात्र छाती पुढे काढून दिलं जातं. "काका, आम्ही लहानपणी टीव्हीवर हेच बघत मोठे झालो. आमचं काय बिघडलं?" चाळिशी-पन्नाशीतली, नोकरी-धंद्यात स्थिरावलेली माणसं हे बोलतात, आणि बोलताना त्यांचा चेहरा खुलतो. अँटेना फिरवून मिळवलेलं चित्र, रविवारचा सिनेमा, शेजाऱ्यांच्या ओसरीवर जमलेली गर्दी, सगळं त्यांना आठवू लागतं. त्या आठवणींच्या आडोशाला हा प्रश्न उभा असतो, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही.

आधी त्या आठवणींबद्दल बोलू, कारण त्या माझ्याही आहेत. घोडा, मोकळं माळरान, टोपीखाली डोळे झाकलेला एकटा माणूस आणि त्याच्या मागे वाजणारी शीळ, हे सगळं मला मनापासून आवडत होतं आणि आजही आवडतं. अमेरिकेत 'गनस्मोक' ही मालिका 1955 पासून 1975 पर्यंत चालली, 'बोनान्झा' 1959 पासून 1973 पर्यंत. आपल्याकडे त्यांची हवा सिनेमाच्या वाटेनं आली. हिंदीत 1974 चा 'खोटे सिक्के', 1975 चा 'काला सोना' आणि त्याच वर्षीचा 'शोले'. तेलुगूत त्याआधीच, 1971 मध्ये, कृष्णा यांचा 'मोसगाळ्ळकु मोसगाडु' आला होता. पुढे 1990 मध्ये चिरंजीवींचा 'कोदमसिंहम' आला. हे सिनेमे आपण टीव्हीवर पाहिले. नव्वदीत केबल आली आणि रात्री टीएनटी वाहिनीवर मूळचे अमेरिकी वेस्टर्नपटही दिसू लागले. इंग्रजी कळत नव्हतं, पण घोडा कळत होता. एका माणसानं गावगुंडांच्या टोळीसमोर उभं राहावं, ही त्यातली ओढ खोटी नाही. जॉन फोर्डचा 1939 चा 'स्टेजकोच' आज लागला तर मी बसून पाहीन आणि त्याची चौकट न् चौकट सुंदर आहे असंच म्हणेन.

पण आवड होती एवढ्यावरून तिचा दाखला करता येत नाही. 'आमचं काय बिघडलं' या प्रश्नातलं 'आमचं' म्हणजे नेमकं कोणाचं? ज्याला लहानपणी त्या पडद्यावर आपण बंदुकीच्या बाजूला आहोत असं वाटलं, तोच हा प्रश्न विचारतो. माझे एक मित्र आहेत, शिक्षक, गोंड. आश्रमशाळेत शिकले. तिथल्या दालनात एकच टीव्ही, समोर सतरंजीवर सगळी मुलं. पिसांचे टोप घातलेले घोडेस्वार टेकडीवर दिसले की मुलं ओरडायची, गोळी सुटून ते कोसळले की टाळ्या पिटायची. तेही पिटायचे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आजोबांचा मोरपिसांचा टोप आढ्याला टांगलेला होता, आणि तो शाळेतल्या मित्रांना कधी दिसू नये असं त्यांना वाटलं. हे मला सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांचं काय बिघडलं, हे मात्र त्यांना कोणी कधी विचारलेलं नाही.

आणि बिघडलं काहीच नसेल, तर व्यासपीठावर ते टोप आले कुठून? संमेलन बसवणारे शिक्षक, कपडे आणणारे पालक, निवेदन लिहिणारा, सगळे याच जिल्ह्यातले. 'आदिवासी' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर मारलवाई आलं नाही, नारनूर आलं नाही, केसलापूर आलं नाही. आला तो हॉलिवूडचा पुठ्ठा. शेजारच्या गावातला माणूस आठवायचा होता आणि आठवला सात समुद्रांपलीकडचा, तोही खोटा. बिघाड म्हणजे आणखी काय असतो?

खोटा कसा, तेही सांगतो. तो मोठा पिसांचा टोप अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातल्या लाकोटा, शायेन अशा जमातींचा. त्यातलं गरुडाचं पीस पराक्रमानं किंवा समाजाच्या सेवेनं मिळवावं लागे, लोकांनी मान्य केल्याशिवाय ते डोक्यावर चढत नसे. हॉलिवूडनं तो सरसकट सगळ्यांच्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्यांना गोळीच्या टप्प्यात उभं केलं. बऱ्याच भूमिका रंग फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या. 'द लोन रेंजर' मालिकेत टोंटो झालेले जे सिल्व्हरहील्स हे खरोखर मोहॉक जमातीचे होते, पण त्यांच्या वाट्याला आली ती नायकाच्या मागे घोडा चालवण्याची, तुटक बोलण्याची भूमिका. दुसरीकडे 1971 च्या एका गाजलेल्या जाहिरातीत कचरा पाहून अश्रू ढाळणारा 'इंडियन' अमेरिकाभर पूजला गेला. ते आयर्न आइज कोडी, इटलीतून आलेल्या आईबापांचे पुत्र. मार्लन ब्रँडोनं 1973 मध्ये या चित्रणाच्या निषेधार्थ ऑस्कर नाकारलं. त्याच्या वतीनं व्यासपीठावर गेलेल्या तरुणीची त्या रात्री हुर्यो उडवली गेली. अकादमीनं तिची माफी मागितली 2022 मध्ये. म्हणजे ज्यांनी हे सिनेमे बनवले, त्यांच्याच देशात 'आमचं काय बिघडलं' हा प्रश्न विचारायची सोय आता राहिलेली नाही. आपण मात्र त्यांचा टाकून दिलेला टोप भाड्यानं आणतो.

आता आपल्याकडचा टोप. दंडारीत, म्हणजे गोंडांच्या दिवाळीतल्या नाच-उत्सवात, गुस्साडी नर्तक होणारा माणूस अंगाला राख फासतो, खांद्यावर कातडं घेतो, कमरेला घुंगरं बांधतो, डोक्यावर मोरपिसांचा भव्य टोप चढवतो. तो टोप व्रताचा असतो. दंडारी संपेपर्यंत तो आंघोळ करत नाही, खाटेवर निजत नाही, त्याचं वागणं-बोलणं नेमानं बांधलेलं असतं. ढोल आणि पेप्रे या सनईसारख्या वाद्याच्या तालासुरावर ही मंडळी गावोगाव पायी जातात, ज्या गावी जातील तिथले सोयरे होतात. मारलवाईचे कनक राजू यांनी आयुष्यभर हा नाच जपला, पोरांना शिकवला; 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ते गेले. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गोंड गावातून गुस्साडीसाठी पद्मश्री आली, आणि चारच वर्षांत शहरातल्या व्यासपीठावर पुठ्ठा. मला याचं वाईट वाटतं, नुसता राग येत नाही.

मारलवाईचं नाव आलंच आहे म्हणून सांगतो. 1940 मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी गोंडांचे नेते कोमराम भीम यांना गोळ्या घातल्या. मुळात भांडण जमिनीचं होतं. जंगल राखीव झालं, कसत असलेली जमीन गेली, वस्त्या उठवल्या गेल्या. त्यानंतर निजाम सरकारनं ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना कारणं शोधायला पाठवलं. ते पत्नी बेटी यांच्यासह मारलवाईत राहिले. बेटी यांची समाधी त्याच गावात आहे. 1943 मध्ये तिथे गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि मुलांसाठी गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या. त्याच हायमेनडॉर्फ यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की या डोंगराळ मुलखात बाहेरून शेतकरी येत गेले आणि गोंडांची जमीन हातची जात राहिली. त्या बाहेरून आलेल्यांत पैनगंगेपलीकडून आलेली मराठी माणसंही होती. गोंडांशी आपण पिढ्यान् पिढ्या मराठीत बोलत आलो, बाजारात त्यांनी आपली भाषा शिकली, आपल्यातल्या फार थोड्यांनी त्यांची. आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाऊ नये म्हणून 1970 चा 'एक सत्तर' कायदा आला, तरी जमिनीचं दुखणं राहिलंच, आणि 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्याच मागणीसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा. गावकरी सांगतात तो याहून खूप मोठा.

वेस्टर्नची गोष्ट तरी दुसरी कसली असते? बाहेरचे लोक येतात, जमीन मोकळी आहे असं धरून चालतात, तिथला माणूस आड येतो, त्याला आडवा करतात, आणि मग गाव वसल्याचा आनंद साजरा होतो. हा खेळ अमेरिकेच्या वाळवंटात घडला म्हणून आपण तो निर्धास्तपणे पाहिला. तोच इंद्रवेल्लीच्या शेजारी, लहान मुलांकडून, टाळ्यांच्या गजरात करून घेताना एकाही मोठ्या माणसाच्या हाताला कंप सुटला नाही, हे मला समजत नाही. प्रेक्षकांत गोंड आणि कोलाम पालकही असणार. शहरातल्या शाळांत त्यांची मुलं आहेत. कदाचित आडव्या पडणाऱ्यांतही होती.

मुलांना यात दोष नाही, त्यांना जे शिकवलं ते त्यांनी मन लावून केलं. ही मुलं आता कोमराम भीम यांना 'आरआरआर'मुळे ओळखतात, वाघाशी झुंजणारा वीर म्हणून. ओळखतात हे बरंच आहे. पण भीम कशासाठी लढले, हे सांगायला सिनेमा पुरत नाही, त्यासाठी घरातलं किंवा शाळेतलं कोणीतरी लागतं. नारनूरजवळच्या गुंजाला गावात जुन्या गोंडी लिपीतली हस्तलिखितं मिळाली, तिच्यावर अभ्यास झाला, 2018 मध्ये ती युनिकोडमध्ये गेली. आता ती लिपी मोबाइलवर लिहिता येते, त्याच मोबाइलवर ज्यावर ही चित्रफीत फिरते आहे. शहरातल्या किती शाळांनी मुलांना ती एकदा तरी फळ्यावर काढून दाखवली?

जुने सिनेमे पाहू नका असं मी म्हणत नाही. पाहा, नातवंडांनाही दाखवा, घोड्यांवर प्रेम करा. माणसं लहानपणच्या आवडी सोडत नाहीत आणि सोडायची गरजही नाही. फक्त नातवंडानं "आजोबा, ते पिसंवाले वाईट का?" असं विचारलं, तर टीव्हीचा आवाज कमी करून उत्तर द्या.

आणि शाळांना विनंती. संमेलन पुढच्या वर्षीही होईल. त्याआधी पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरेल. हस्तिनामडुगूहून गोदावरीचं पाणी घेऊन पायी येणारे मेसराम कुळातले गोंड त्या रात्री महापूजा करतील. मुलांना तिथे घेऊन जा. दिवाळीत दंडारी निघेल तेव्हा गावकऱ्यांना विचारून एखाद्या गावी जा, मोबाइल खिशात ठेवून. व्यासपीठावर गुस्साडी हवाच असेल, तर तो ज्यांचा आहे त्यांना निमंत्रण द्या, मानधन द्या, त्यांच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा, आणि पाहुण्यांची भाषणं त्यांच्या नाचानंतर ठेवा. एवढं जमत नसेल, तर त्या वर्षी लेझीम बसवा. पुठ्ठ्याचे टोप मात्र पुन्हा आणू नका.